दहा मिनिटांचा एसी आणि तापलेली गाडी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उन्हाळ्यात वाहनाची काळजी कशी घ्यावी यासंबंधी जी चौकट छापून आली, तिच्यातील चौथ्या सूचनेबद्दल हे पत्र आहे. उन्हात उभी असलेली गाडी थंड करण्यासाठी इंजिन सुरू करावे, सर्व काचा घट्ट बंद ठेवाव्यात, एसी पूर्ण वेगावर लावावा आणि दहा मिनिटे बाहेर थांबून मगच गाडीत बसावे, असे त्या सूचनेत म्हटले आहे. बाकीच्या सूचना उपयुक्त आहेत आणि त्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु ही एक सूचना वेळ खाणारी, इंधन वाया घालवणारी आणि बंदिस्त जागेत तंतोतंत पाळल्यास जिवावर बेतू शकणारी आहे. म्हणून तिची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे.

मी अकोल्यात राहतो आणि गेली बावीस वर्षे औषध विक्री प्रतिनिधी, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दात एमआर, म्हणून काम करतो. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे दुचाकीवर गेली आणि पुढची सगळी एका लहान गाडीत. मूर्तिजापूर, बाळापूर, पातूर, वाशीम, अकोट अशा फेऱ्यांत दिवसाला आठ-दहा दवाखाने होतात आणि प्रत्येक ठिकाणी रुग्णांची गर्दी ओसरेपर्यंत थांबावे लागते. कधी वीस मिनिटे, कधी दीड तास. दवाखान्यापुढे कडुनिंब असलाच, तर त्याच्या सावलीवर पहिला हक्क डॉक्टरांच्या गाडीचा, दुसरा रुग्ण घेऊन आलेल्या ऑटोचा आणि तिसरा रसवंतीचा असतो. एमआरची गाडी समोर उन्हात उभी राहते, आणि ते तसेच असावे. सांगायचे एवढेच की, उन्हाळ्यात माझी गाडी दिवसातून आठ वेळा तापते आणि ती आठ वेळा मला थंड करावी लागते. या विषयाचा माझा अभ्यास हौसेचा नाही, सक्तीचा आहे.

गेल्या मे महिन्यात पातूरला दुपारी अडीचच्या सुमारास एका दवाखान्यातून बाहेर पडलो. दाराचा दांडा रुमालाने धरून उघडला, तेव्हा भट्टीचे झाकण काढल्यासारखी झळ तोंडावर आली. सीटबेल्टचे बक्कल घाईत ओढताना मनगटाच्या आतल्या बाजूला टेकले आणि तिथे उमटलेली लाल रेघ पुढे आठवडाभर दिसत होती. डॅशबोर्डवर विसरलेला मोबाईल उचलला, तर पडद्यावर तापमान वाढल्याची सूचना देऊन त्याने मान टाकलेली. स्टिअरिंग खालच्या बाजूने दोन बोटांत धरून मी गाडी कशीबशी रसवंतीजवळ नेली. त्या दिवशी मी अगदी आपल्या चौकटीप्रमाणे काचा बंद करून, एसी लावून, बाहेर उभा राहिलो. रसाचे दोन पेले झाले. परत बसलो तेव्हा तोंडावर येणारी हवा गार होती, पण पाठीखालची सीट आणि समोरचा डॅशबोर्ड तव्यासारखेच होते, आणि पुढे दहा किलोमीटर गाडीत उकडतच राहिले.

असे का होते, हे समजायला फार विज्ञान लागत नाही. निरभ्र आकाशातला माध्यान्हीचा सूर्य जमिनीवरच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण एक हजार वॅट ऊर्जा देतो. लहान गाडीची पुढची काच जवळपास एक चौरस मीटर भरते. ती तिरपी असते आणि काच थोडी ऊर्जा अडवते, म्हणून काही वजावट धरली, तरी घरातली कपड्यांची इस्त्री चालू करून डॅशबोर्डवर ठेवून दिली आणि दार लावून घेतले, अशीच ही स्थिती आहे. बाजूच्या आणि मागच्या काचांचा हिशेब आणखी वेगळा. काच उजेडाला आत येऊ देते, पण तापलेल्या प्लॅस्टिकमधून आणि कापडातून परत निघणारी उष्णता तिच्यातून सहज बाहेर पडत नाही. शिवाय काचा बंद असल्याने तापलेली हवा वर चढून निघून जाण्याची वाटच उरत नाही. बाहेरच्या अंगणात तापलेली हवा उडून जाते, गाडीतली कोंडून राहते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी नावाचे शहर आहे आणि तिथला उन्हाळा आपल्या विदर्भाच्या तोडीचा कोरडा व कडक असतो. तिथल्या संशोधकांनी कडक उन्हाळ्याच्या दिवसांत घेतलेली मोजमापे २०१८ साली प्रसिद्ध झाली. तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांतल्या हवेचे तापमान सरासरी सुमारे ४७ अंश सेल्सिअस, सीटचे ५१, स्टिअरिंगचे ५३ आणि डॅशबोर्डचे तब्बल ६९ अंश भरले. सावलीतल्या गाड्यांत हेच आकडे हवेसाठी ३८ आणि डॅशबोर्डसाठी ४८ असे होते. या आकड्यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सर्वांत कमी तापलेली वस्तू हवा आहे. आणि आपली चौकट मात्र केवळ हवेच्या मागे लागली आहे.

हवेचा आणखी एक हिशेब मांडतो. लहान गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर जागा असते आणि तेवढ्या हवेचे वजन जेमतेम तीन किलो भरते. तिच्यात साठलेली उष्णता तिच्या वजनासारखीच किरकोळ असते. खरा साठा आहे तो डॅशबोर्ड, सीटमधला फोम, छताचे अस्तर, पायाखालचा गालिचा आणि दारांचा पत्रा यांत, कारण या सर्वांचे वजन हवेच्या कित्येक पट आहे. म्हणून तापलेली हवा बाहेर हाकलणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, तर वस्तूंमध्ये मुरलेली उष्णता काढणे हे पुढच्या पंधरा-वीस मिनिटांचे. काचा बंद ठेवून एसी लावला की, जी हवा फुकट बाहेर जाणार होती तिलाच आपण इंधन जाळून गार करत बसतो. बाहेर ४३ अंश असताना आतल्या पन्नास-साठ अंशांच्या हवेवर एसी खर्ची घालणे, हे घरात साचलेला धूर खिडकी न उघडता पंख्याने घालवण्यासारखे आहे.

जपान ऑटोमोबाईल फेडरेशन या तिथल्या वाहनचालकांच्या मोठ्या संस्थेने नेमकी हीच तुलना करून पाहिली आहे. ५५ अंशांपर्यंत तापलेल्या गाडीत, समोरासमोरची एक काच उघडून दुसऱ्या बाजूचे दार काही वेळा उघडझाप केले असता तापमान साधारण ४७ अंशांवर आले. उभ्या गाडीत काचा बंद ठेवून आतलीच हवा फिरवत एसी लावला, तेव्हा दहा मिनिटांत ते २७ अंशांच्या आसपास आले. मात्र काचा पूर्ण उघडून, एसी बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत ठेवून गाडी लगेच हाकली आणि दोन मिनिटांनंतर काचा लावून आतली हवा फिरवायला सुरुवात केली, तेव्हा पाच मिनिटांतच ते २८ अंशांवर उतरले. म्हणजे आपल्या चौकटीतल्या उपायाने गाडी थंड होत नाही असे नाही, होते. पण निम्म्या वेळात जवळपास तेवढेच काम होते, आणि त्या पाच मिनिटांत आपण उभे न राहता तीन किलोमीटर पुढे गेलेलो असतो. अर्थात ती चाचणी झाली तेव्हा बाहेरचे तापमान ३५ अंशांच्या आसपास होते. नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, अकोल्यात इतका फरक पाच मिनिटांत पडेल, असे मी म्हणणार नाही. क्रम मात्र तोच राहतो.

चालत्या गाडीत एसी चांगला का चालतो, याचेही कारण साधे आहे. आपल्याकडच्या पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन मंद फिरते आणि कंप्रेसरही मंदच. शिवाय पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, वारा मिळत नाही, त्याला स्वतःच्या पंख्यावर भागवावे लागते. गाडी पळू लागली की, दोन्ही अडचणी एकदम दूर होतात. उभ्या गाडीत एसी चालवल्यास दहा मिनिटांत अंदाजे शंभर ते दीडशे मिलिलिटर इंधन जळते. कोणी म्हणेल की, हे काय मोठे. पण दिवसाला आठ वेळा थांबणाऱ्या माणसाचे त्यात रोजचे लिटरभर पेट्रोल जाते, आणि कंपनी प्रवासभत्ता किलोमीटरवर देते, उभे राहण्यावर नाही.

माझी आताची पद्धत अशी आहे. गाडीजवळ आलो की, चालकाच्या बाजूचे दार उघडतो, हात आत घालून डाव्या बाजूची मागची काच खाली करतो आणि मग चालकाचे दार सुपाने पाखडावे तसे पाच-सहा वेळा मागेपुढे हलवतो. दार आपटायचे नाही. रुंद, सावकाश हेलकावा द्यायचा, म्हणजे तेच पंख्यासारखे बाहेरची हवा आत लोटते आणि आतली हवा पलीकडच्या उघड्या काचेतून बाहेर जाते. पहिल्या हेलकाव्याला पलीकडच्या काचेजवळ हात धरून पाहावा, म्हणजे काय बाहेर पडते ते कळते. पातूरचा पानवाला सुरुवातीला हे पाहून हसायचा. आता त्याच्या दुकानासमोर गाडी लावणारे दोघे-तिघे हेच करतात. त्यानंतर चारही काचा खाली करून, ब्लोअर पूर्ण वेगावर व हवेचा झोत पायांकडे वळवून निघतो. थंड हवा जड असते, ती तळाशी भरत जाते आणि गरम हवा वरच्या बाजूने काचांतून निघून जाते. चौक ओलांडला की काचा लावतो आणि मगच आतली हवा फिरवण्याचे बटण दाबतो.

या बटणाबद्दल एक वाक्य जास्तीचे लिहितो, कारण त्याचा अर्थ अनेकांना सांगितलेलाच नसतो. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असेल तर आतली हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि बाहेरून आत येणारा सरळ बाण असेल तर बाहेरची हवा घेतली जाते. माझ्या परिचयातल्या कित्येक गाड्यांत गोल बाणाचा दिवा गाडी घेतल्यापासून विझलेला नाही. तापलेल्या गाडीत पहिली दोन मिनिटे तो विझवून ठेवला, तर निम्मे काम तिथेच होते.

आता धोक्याचा मुद्दा, ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहावेसे वाटले. शहरातल्या अनेक इमारतींत आणि रुग्णालयांत गाड्या तळघरात किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये उभ्या असतात. तिथे इंजिन सुरू ठेवून दहा मिनिटे थांबण्याचा सल्ला कोणी अक्षरशः पाळला, तर धुरातला कार्बन मोनॉक्साईड त्या जागेत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि डोके जड झाले हे कळेपर्यंत माणसाच्या पायांतले बळ गेलेले असते. आपल्या चौकटीत याबद्दल एक शब्दही नाही. तळघरातली गाडी तशीही उन्हात तापत नाही, परंतु छापील सूचना माणसे जागा पाहून पाळत नाहीत.

एसीपेक्षा स्वस्त असा एक उपाय आमच्या भागात पूर्वापार आहे आणि तो म्हणजे पाणी. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर ज्यांची दुपार गेली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. मी दाराच्या कप्प्यात एक ओला पंचा आणि पाण्याची बाटली ठेवतो. स्टिअरिंग, गिअरची मूठ, सीटबेल्टचे बक्कल आणि डॅशबोर्डची वरची बाजू ओल्या पंच्याने पुसली की, कोरड्या हवेत ते पाणी बघता बघता उडते आणि जाताना त्या वस्तूची उष्णता घेऊन जाते. एक पेला पाणी पूर्ण वाफ होऊन उडाले तर ते सुमारे सहाशे किलोजूल उष्णता नेते. गाडीतली सगळी हवा वीस अंशांनी थंड करायला मात्र साठ-पासष्ट किलोजूलच काढावे लागतात. म्हणजे पेलाभर पाणी उडाले, तर हवेपेक्षा कितीतरी मोठा साठा हलतो. पंचा पिळून घ्यावा, बटणांवर आणि पडद्यावर पाणी जाऊ देऊ नये, आणि काचा उघड्या असाव्यात, नाहीतर उडालेली वाफ आतच राहते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या वाचकांना याचा तेवढा उपयोग होणार नाही, कारण तिथल्या दमट हवेत घामच सुकत नाही, तिथे पंचा कसा सुकणार? एक गोष्ट मात्र कोणीही करू नये: तापलेल्या पुढच्या काचेवर फ्रीजमधले थंड पाणी ओतू नये. काचेला खड्याचा बारीकसा टवका आधीच उडालेला असेल, तर तिथून तडा धावत जाण्याची भीती असते.

व्हॉट्सॲपवर दर एप्रिलमध्ये फिरणारा एक संदेश आपल्या वाचकांनीही पाहिला असेल. तापलेल्या गाडीतल्या डॅशबोर्डमधून बेंझीन बाहेर पडते, बंद गाडीत त्याचे प्रमाण अमुक हजार मिलिग्रॅम होते आणि काचा न उघडता एसी लावल्यास कर्करोग होतो, असे त्यात असते. किती हवेत किती मिलिग्रॅम, हे न सांगता दिलेला आकडा निरर्थक असतो, एवढे तर औषधांच्या मात्रा रोज सांगणाऱ्या माणसाला कळतेच. जर्मनीतल्या म्युनिक तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी एक नवी आणि एक तीन वर्षे जुनी गाडी ६५ अंशांपर्यंत तापवून तिच्यातली हवा तपासली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात विषारीपणाचा ठळक पुरावा आढळला नाही, ॲलर्जी असलेल्यांना किंचित त्रास वाढण्याची शक्यता तेवढी दिसली. गंमत अशी की, त्या संदेशातला सल्ला, म्हणजे आधी काचा उघडा, हा बरोबर आहे. कारण मात्र बनावट आहे. टाकी काठोकाठ भरली तर उन्हात स्फोट होतो, हा त्याचाच भाऊ. त्याबद्दल तर इंडियन ऑईलला स्वतः खुलासा करावा लागला होता.

याच पंक्तीत शेणाने सारवलेली गाडी बसते. २०१९ च्या उन्हाळ्यात अहमदाबादेतल्या एका गाडीची तशी छायाचित्रे देशभर पसरली आणि आमच्याकडेही काहींनी बाह्या सरसावल्या. सारवलेल्या घरात गारवा असतो, हे खरे. पण तो गारवा मातीच्या दोन हात जाड भिंतींचा आणि कवेलूंखालून खेळणाऱ्या वाऱ्याचा असतो, सारवणाचा वाटा त्यात थोडा. पत्र्यावरच्या बोटभर थराने काचांतून येणारे ऊन अडत नाही, आणि गाडी तापते ती मुख्यतः काचांतून. गाडीचा रंग थोडा फरक पाडतो. अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेने एकाच प्रकारच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या शेजारी शेजारी उन्हात ठेवल्या, तेव्हा छतांच्या तापमानात २५ अंशांचा फरक पडला, पण आतल्या हवेत पाच-सहा अंशांचाच.

म्हणून ऊन काचेपाशीच अडवणे, हे थंड करण्याच्या सगळ्या उपायांहून सरस आहे. चकचकीत पत्र्यासारखा दिसणारा घडीचा सनशेड दोन-तीनशे रुपयांना मिळतो. तो चकाकी बाहेर ठेवून पुढच्या काचेला आतून लावला की, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगला चटका बसत नाही. काचेच्या बाहेरून झाकले तर आणखी चांगले, कारण मग ऊन काचेच्या आत शिरतच नाही. मी जुनी पांढरी चादर वायपरखाली अडकवतो आणि तिची टोके दोन्ही दारांत चिमटतो. ती दिसायला गबाळी दिसते, हे मान्य.

काळ्या फिल्मबद्दल मात्र वाचकांनी नियम पाहूनच पाऊल टाकावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या शंभराव्या नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, प्रकाशाची ही मर्यादा पाळणारी प्रमाणित फिल्म चालेल असा निर्णय दिला. सूर्याच्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो, त्यामुळे ऊन अडवायला काच काळीच हवी असे नाही. तरीही चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला केरळचा निकाल समजावून सांगण्याइतकी सवड ज्याच्यापाशी असेल, त्यानेच या फंदात पडावे.

सावलीचाही एक हिशेब असतो, आणि तो चुकला की सगळे उपाय वाया जातात. अकोल्यात मे महिन्याच्या २३ तारखेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि त्या सुमाराच्या दिवसांत माध्यान्ही कोणत्याही इमारतीची सावली गाडीएवढीही पडत नाही. बारानंतर सावल्या पूर्वेकडे लांबू लागतात. म्हणून दुपारभर गाडी लावायची असेल, तर आता जिथे सावली आहे तिथे न लावता, भिंतीच्या पूर्वेला, आता ऊन असले तरी, लावावी. तासाभरात सावली आपल्यापाशी चालत येते. सावली मुळीच मिळणार नसेल तर गाडीचे तोंड पूर्वेकडे करावे, म्हणजे सर्वांत मोठ्या काचेवर पश्चिमेचे ऊन पडत नाही. माझ्या धंद्यातल्या नव्या मुलांना मी औषधांच्या आधी हे शिकवतो.

औषधांवरून आठवले. बंद गाडीत ठेवलेले इन्सुलिन ही मला वारंवार आढळणारी चूक आहे. रुग्ण अकोल्याहून महिन्याचे इन्सुलिन घेतात, पिशवी मागच्या सीटवर ठेवतात आणि लग्नाला किंवा बाजाराला जातात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. दोन तासांच्या त्या भट्टीनंतर ते दिसायला तसेच दिसते, साखर मात्र उतरत नाही आणि दोष डॉक्टरांना दिला जातो. दम्याचे पंप आणि सुगंधी फवाऱ्यांचे डबे यांवर तर पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नये, असे छापलेलेच असते.

आणि मुले. आपल्या चौकटीत ती नव्हतीच, म्हणून लिहितो. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात तीन लहान मुले आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन भावंडे उभ्या गाडीत मृतावस्थेत सापडली. या मुलांना कोणी आत ठेवून गेले नव्हते. खेळता खेळता ती स्वतःच गाडीत शिरली होती आणि त्यांना बाहेर पडता आले नाही. ‘पाच मिनिटांत येतो, काच थोडी उघडी ठेवली आहे’ हे वाक्य मी मेडिकलच्या काउंटरवर अनेकदा ऐकले आहे. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, जो २००५ साली प्रसिद्ध झाला, २२ ते ३५ अंशांच्या साध्या दिवसांतही बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच दीड इंच उघडी ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. त्यामुळे अंगणात उभी असलेली गाडीसुद्धा कुलूपबंद ठेवावी, किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि मुलांना हॉर्न दाबत राहायला शिकवावे. गाडीत अडकलेले मूल दिसले तर ११२ ला फोन करावा, आणि मूल निपचित असेल तर वाट न पाहता त्याच्यापासून सर्वांत दूर असलेली बाजूची काच कोपऱ्यात घाव घालून फोडावी. पुढची काच थरांची असते, ती फोडण्यात वेळ जातो.

यात वाचकांच्या हातात नसलेला एक भाग आहे. आमच्याकडचे रस्ते रुंद झाले, तशी दुतर्फा उभी असलेली कडुनिंबे आणि चिंचा गेल्या. शहरातल्या सशुल्क वाहनतळांवर तासाचे पैसे घेतात, पावती देतात आणि गाडी उघड्या डांबरावर लावायला सांगतात. त्या पैशांत सावलीचा समावेश नसतो. फ्रान्सने मार्च २०२३ मध्ये कायदा करून दीड हजार चौरस मीटरांहून मोठ्या उघड्या वाहनतळांच्या निम्म्या जागेवर सौर पॅनेलची छते बंधनकारक केली आहेत. ज्या देशात ऊन आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे, तिथे हे परवडते. विदर्भातल्या एखाद्या महापालिकेने जिल्हा रुग्णालयासमोरच्या वाहनतळावर पाच-पन्नास गाड्यांपुरते असे छत उभारले, तर गाड्याही गार राहतील आणि विजेचे बिलही उतरेल. नव्या वाहनतळाच्या निविदेत शुल्कासोबत सावलीची अट घालायला तर पैसेही लागत नाहीत.

तूर्त माझी मागणी फार लहान आहे. ती चौकट पुन्हा छापताना ‘सर्व काचा घट्ट बंद ठेवाव्यात’ याऐवजी ‘सर्व काचा उघडाव्यात’ आणि ‘दहा मिनिटे बाहेर थांबून मगच गाडीत बसावे’ याऐवजी ‘लगेच निघावे आणि दोन मिनिटांनी काचा लावाव्यात’ असे करावे, तसेच बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवू नये ही ओळ ठळक टाईपात जोडावी. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि आमच्याकडे नवतपा तेव्हाच सुरू होतो. आपली पुरवणी रविवारी येते, म्हणजे त्याआधी अजून दोन अंक आहेत.

आपला वाचक,
एक औषध विक्री प्रतिनिधी,
अकोला